सांगणाऱ्याले मार नाई

अनसाबाई आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या रांगत.

मी तेव्हा आठ वर्षांची असेन. माय चुलीपाशी भाकरी थापत होती, बाबा दाराशी बसून बैलाची वेसण वळत होते. बाहेरून "हाये का वं कोणी घरात?" असा खणखणीत आवाज आला. माय "या ना बाई" म्हणते तोवर एक उंच, काटकुळी बाई उंबऱ्याशी थांबली. तिनं पदर कमरेला खोचला, कासोटा नीट केला आणि हातगुडघ्यांवर येऊन सरळ घरात शिरली. माझा चार वर्षांचा भाऊ बंडू आनंदानं किंचाळला. त्याला वाटलं, घोडा आला.

बाबांनी वेसण खाली ठेवली. "काही हरपलं काय बाई?"

"अजून तं नाई हरपलं, संपतभाऊ. हरपू नये म्हणून पाहून राह्यली."

आणि त्या बघत राहिल्या. चुलीच्या पुढं आलेलं लाकूड त्यांनी आत ढकललं. जमिनीवरचा विळा उचलून मायच्या हातात दिला. उतरंडीमागं डोकं घातलं, कणगीला हलवून बघितलं. मग तशाच जमिनीवर बसून त्यांनी मान वर केली आणि कोनाड्याकडं बोट दाखवलं. तिथं गोड्या तेलाची बाटली होती आणि तिच्या शेजारी, तशाच दिसणाऱ्या बाटलीत, कपाशीवर फवारायचं औषध.

"ते कायचं?"

"औषध हाये. वर ठेवलं ना," बाबा म्हणाले. "लेकराचा हात नाई पुरत."

अनसाबाईंनी वाद घातला नाही. बंडूला म्हणाल्या, "बंड्या, ते बाटली काढून दाखवतं का मले?" बंडू आधी पाट्यावर चढला, पाट्यावरून कणगीच्या काठावर, आणि भिंतीच्या खुंटीला लोंबकळून त्यानं कोनाड्यात हात घातला. बाटली त्याच्या हातात यायला भाकरी उलटायला लागतो तेवढाच वेळ लागला. अनसाबाईंनी त्याला बाटलीसकट अलगद झेलला.

बाबा उठले. बाटली घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी संध्याकाळच्या आत त्यांनी गोठ्यातल्या जुन्या पेटीला कुलूप बसवलं, आणि औषध तेव्हापासून त्या पेटीत राहिलं. माय नंतर कित्येक दिवस म्हणायची, "ते बाई गेल्यावर तुहे बाबा जेवलेच नाईत बरोबर. भाकरी नुसती कुस्करत बसले."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. चिखलीहून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव, बाजार धाडचा. ब्लॉकाच्या, म्हणजे विकासगटाच्या, ग्रामसेविकेनं गावात बालवाडी काढायचं ठरवलं, तेव्हा सातवी शिकलेली एकच बाई गावात निघाली, ती अनसाबाई. माहेर त्यांचं सुलतानपूरचं. नवरा तुळशीराम शिंपी, अत्यंत मवाळ माणूस. मशीन चालवताना सुद्धा तो कुणाची झोपमोड होईल अशा बेतानं पाय हलवायचा. घरातलं सगळं बोलणं अनसाबाईंच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांनी ते कधी नाकारलं नाही.

बालवाडी मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. वीस-पंचवीस लेकरं. कापूस वेचणी लागली, आयाबाया शेतात गेल्या, की ती चाळीस व्हायची, कारण एरवी मोठ्या बहिणीच्या कडेवर किंवा दाराला कडी लावून ठेवलेली लेकरंही तिथं यायची. दाराला बाहेरून कडी लावून लेकरू आत ठेवायचं, हे गावात सर्रास होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. अनसाबाई सकाळी गल्लीगल्लीतून फिरायच्या, कड्या काढायच्या आणि लेकरं गोळा करायच्या. शेतातून आलेल्या बाईला घर उघडं आणि लेकरू गायब दिसलं की ती सरळ देवळाकडं यायची, आधी भांडायला, पुढं पुढं नुसती घ्यायला.

त्यांच्या कमरेच्या पिशवीत कायम सुतळीचं बंडल असायचं. जिथं काही सैल, लोंबतं, कलंडणारं दिसेल तिथं त्या गाठ मारत. गावात कुणाच्या दाराला, कुणाच्या कंदिलाला, बैलगाडीच्या खुंट्याला अनसाबाईंची गाठ नाही असं घर नव्हतं. बोलताना सुद्धा हात चालू असायचा. एकदा सरपंचांशी बोलता बोलता त्यांनी त्यांच्या मोडक्या खुर्चीचा पाय बांधून टाकला, आणि सरपंच उठेपर्यंत त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

गावात सगळ्यांचा एक समज होता की बाईंचं एखादं लेकरू गेलं असणार. त्याशिवाय कुणी एवढं लेकरांच्या मागं लागत नाही. माझ्या मायनं एकदा धीर करून विचारलंच, "अनसाबाई, तुमचं एखादं... म्हणजे, झालं होतं काय काही?"

अनसाबाई हसल्या. "काऊन वं? माहे तिन्ही धड हायेत. एक मेल्याशिवाय माणसाले अक्कल येतच नाई काय?"

माय खजील झाली. मग दोघी हसल्या, आणि माय त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली.

आता त्यांच्या नियमाबद्दल. बालवाडीत नियम एकच होता, आणि तो त्या रोज लेकरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायच्या: "सांगणाऱ्याले मार नाई." काही फुटलं, सांडलं, काही गिळलं, कुणी ढकललं, कुणी कुठं नेलं, जे झालं ते येऊन सांगायचं. सांगितलं की मार नाही. आयाबापांकडूनही त्यांनी दारात उभं राहून हे कबूल करून घेतलं होतं. आमच्या गावात लेकरांना मारणं हे भाकरीत मीठ घालण्याइतकं सहज होतं. बाप लोक हसायचे. "असं कसं बाई? मंग वचक कायचा राह्यला?"

"वचक ठेवला तं लेकरू लपवते," अनसाबाई म्हणायच्या. "लपवलं तं तुमाले कळत नाई. कळलं नाई तं तुमी काय राखता मंग, डोंबल?"

हा नियम सगळ्यात आधी त्यांच्यावरच उलटला. अनसाबाईंना तंबाखूची सवय होती. चंची कमरेला असायची. एका दुपारी लेकरांना निजवताना त्यांनी ती खांबाशी ठेवली आणि तीन वर्षांच्या नाम्यानं त्यातली चिमूट तोंडात टाकली. पोरगं पांढरंफटक पडलं, ओकायला लागलं. अनसाबाईंनी त्याला खांद्यावर टाकला आणि धाडच्या दवाखान्याकडं पळत सुटल्या. वाटेत एक बैलगाडी भेटली म्हणून बरं. डॉक्टरांनी पोट साफ करवलं, बसवून ठेवलं, आणि दिवस मावळायच्या आत नाम्या गाडीत बसून बैलांना हाका मारत परत आला.

नाम्याची माय लांबच्या शेतात गेली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. लेकराचं पोट बिघडलं होतं, दवाखान्यात नेलं, एवढं सांगून भागलं असतं. उलट गावानं बाईंचे आभार मानले असते. अनसाबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही पोरंटोरं मागं होतोच.

"नाम्यानं माह्या चंचीतली तंबाखू खाल्ली. चंची म्या खाली ठेवली होती. चूक माही हाये."

नाम्याच्या मायचा हात वर गेला. खरंच वर गेला, मी पाहिला. चेहरा लालबुंद. मग तो हात हवेतच थांबला आणि ती रडत रडत म्हणाली, "काय करू बाई? तुमीच म्हणवून घेतलं ना माह्याकडून, सांगणाऱ्याले मार नाई म्हणून!"

अनसाबाईंनी चंची कमरेची सोडली आणि तिच्या चुलीत घातली. पुढं त्या बडीशेप चघळायच्या, आणि पहिले दोन महिने भयंकर चिडचिड्या झाल्या होत्या. तुळशीरामकाका त्या दोन महिन्यांत दुकानातच जास्त बसायचे.

पुढचा उन्हाळा पोहण्याचा. गावाबाहेर पायऱ्यांची विहीर होती, कठडा नसलेली. पोरं त्यात पोहायची, पोरी काठावरून पाणी भरायच्या. अनसाबाईंनी एक दिवस जाहीर केलं की सात वर्षांवरच्या सगळ्या पोरींना त्या पोहायला शिकवणार. त्यांच्या वडिलांनी सुलतानपूरच्या विहिरीत त्यांना शिकवलं होतं.

गावात खळबळ माजली. पाटील स्वतः देवळात आले. वयानं मोठे, मिशा पांढऱ्या, त्यांच्यापुढं कुणी बसत नसे.

"अनसाबाई, पोरी काय इहिरीत उड्या मारतीन आता? चांगलं दिसते काय?"

"पाटील, पोरगा हाये का पोरगी हाये हे पाणी पाह्यते काय बुडवायच्या आधी?"

पाटील म्हणाले, "माह्या घरची पोरगी यायची नाई." अनसाबाई म्हणाल्या, "बरं," आणि लगेच दुसऱ्या विषयाकडं वळल्या, त्यांच्या गोठ्यातल्या लोंबणाऱ्या तारेकडं.

भर दुपारी, पुरुष शेतात किंवा झोपेत असताना, आमची शाळा भरायची. वर दोन म्हाताऱ्या काठ्या घेऊन बसायच्या, कुणी पुरुष फिरकला तर हाकलायला. पाठीला वाळले भोपळे बांधून आम्ही पाण्यात उतरायचो. अनसाबाई नऊवारी लुगड्यात, कासोटा घट्ट मारून, पाण्यात मासळीसारख्या फिरायच्या. त्यांचं एवढं हसणं मी एरवी कधी ऐकलं नाही. मला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्यांनी न सांगता माझा भोपळा सोडून घेतला आणि मी विहिरीच्या मधोमध आल्यावर म्हणाल्या, "मांगं पाह्य, भोपळा माह्यापाशी हाये." मी घाबरून दोन घोट पाणी प्याले, आणि तरीही तरंगत होते.

पाटलांची नात शकू पाचव्या दिवसापासून यायला लागली. आजीनं पाठवली. आजोबांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाणी शेंदताना शकूचा पाय घसरला आणि ती विहिरीत पडली. काठावर दोन बाया नुसत्या किंचाळत राहिल्या. शकू मात्र हातपाय मारत पायऱ्यांशी आली आणि ओल्या परकरानिशी वर चढून म्हणाली, "बादली गेली वं." त्या आठवड्यात पाटलांच्या तीन गाड्या दगड घेऊन विहिरीवर आल्या. कमरेइतका कठडा झाला. पाटील त्याबद्दल अनसाबाईंशी एक शब्द बोलले नाहीत, पण त्या समोरून आल्या की खाटेवरून उठून उभे राहायचे.

हे सगळं आता मजेत सांगता येतं. मंदाचं मात्र मजेत सांगता येत नाही.

मंदा माझ्याहून वर्षानं मोठी, माझी मैत्रीण. गावात सातवीपर्यंतच शाळा. आठवीला आम्ही तिघी पोरी एसटीनं चिखलीला जायला लागलो. गावातून पोरी हायस्कूलला जाण्याची ती पहिलीच वेळ. संध्याकाळची गाडी यायला तासभर असायचा. स्टँडसमोर एका अडत्याचं दुकान होतं. मंदाचे वडील, विठोबाकाका, आपला कापूस तिथंच घालायचे, म्हणून त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं, "तिथं सावलीत बसत जा. घरचे लोक हायेत." दुकान मोठ्या भावाचं होतं, पण गिऱ्हाईक बघायचा धाकटा. त्याला सगळेच काका म्हणत. तो आम्हाला पाणी द्यायचा, शेंगदाणे द्यायचा.

एका सोमवारी तिसरी मुलगी आली नव्हती आणि मी वही घ्यायला गेले होते. मंदा एकटीच होती. परत आले तर मंदा दुकानात नव्हती, स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभी होती. दप्तर नव्हतं. काही विचारलं तरी बोलेना. दुसऱ्या दिवशी ती शाळेला आली नाही. तिसऱ्याही नाही. घरी सांगितलं, पोट दुखते. चौथ्या दिवशी म्हणाली, मला शाळाच नको. विठोबाकाका म्हणाले, "बरं झालं. नाईतरी पुढच्या साली लगीन करायचंच हाये."

मी अनसाबाईंना जाऊन सांगितलं. मला ठाऊक तरी काय होतं? एवढंच, की मंदाचं दप्तर हरवलंय आणि ती ते शोधत नाहीये.

अनसाबाई मंदाच्या घरी गेल्या आणि तूर निवडायला बसल्या. मंदाला काही विचारलं नाही. मलाही खुणेनं बसवलं. अर्धं सूप निवडून झालं. मग त्या तुरीकडं बघतच म्हणाल्या, "तुले आठवते काय, देवळात काय म्हणत होतो आपण?"

मंदाचे हात थांबले. मग तिनं सांगितलं. तुझ्या बापाची चिठ्ठी आहे म्हणून दुकानातल्या त्या धाकट्यानं तिला मागच्या गोदामात बोलावलं. आत गेल्यावर हात धरला आणि दार लोटलं. तिनं त्याच्या हाताचा चावा घेतला, हात सुटताच दार ढकललं आणि पळाली. दप्तर आत राहिलं.

"मीच आत गेली बाई," ती म्हणाली. "मी काऊन गेली?"

"चिठ्ठी आणाले गेली तू," अनसाबाई म्हणाल्या. "बापाचं काम कराले गेली. त्यात तुही काय चूक? अन् चावली ते लय चांगलं केलं." मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्यांच्या हातांना काही काम नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

विठोबाकाका शेतातून आले तेव्हा अनसाबाई दारातच होत्या. आधी त्यांनी तेच जुनं वचन पुन्हा घेतलं, मग सगळं सांगितलं. विठोबाकाका खाली बसले. मग म्हणाले, "उद्यापासून पोरगी घराबाहेर पाय ठेवणार नाई."

"चूक त्याची, अन् कोंडता पोरीले?" अनसाबाईंचा आवाज चढला नव्हता. "मंग उद्या दुसरीच्या बापानं तिले कोंडावं. परवा तिसरीच्या. अन् तो तथीच बसन शेंगदाणे वाटत."

"बोभाटा होईन बाई. पोरीचं नाव खराब होईन."

"पोरीचं नाव मी घेणारच नाई. दप्तराचं घेईन."

चिखलीच्या बाजाराच्या दिवशी त्या तिकडं गेल्या. बरोबर विठोबाकाका, माझे बाबा, माझी माय आणि गावातल्या आठ-दहा बाया. मीही होते, वहीवरचं नाव ओळखायला म्हणून. दुकानापुढं गाड्या लागलेल्या, शेतकऱ्यांची गर्दी. अनसाबाई ओट्यावर चढल्या आणि गादीवर बसलेल्या मोठ्या भावाला म्हणाल्या, "शेठजी, आमच्या गावच्या एका पोरीचं दप्तर तुमच्या गोदामात राह्यलं. ते पाहिजे."

मोठा भाऊ गोंधळला. "गोदामात? गोदामात कसं काय गेलं?"

"ते मले नाई माहीत. तुमच्या भावाले विचारा. त्यायच्या हाताले काय लागलं, तेही विचारा."

धाकट्याच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती. त्यानं हात मागं घेतला. सगळ्या गर्दीनं ते बघितलं. नुसती तराजूची साखळी हलत होती. मोठा भाऊ स्वतः उठला, आत गेला आणि दप्तर घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. दप्तर त्यानं अनसाबाईंच्या हातात नाही, वहीवरचं नाव वाचून विठोबाकाकांच्या हातात दिलं आणि खाली बघत म्हणाला, "माफ करा."

विठोबाकाकांनी दप्तर खांद्याला लावलं. त्यांनी कापसानं भरलेली आपली गाडी दुसऱ्या अडत्याकडं वळवली. मग माझ्या बाबांनी वळवली. मग आमच्या गावच्या नव्हेत अशा दोन-तीन गाड्याही वळल्या. तो धाकटा भाऊ त्यानंतर त्या दुकानात दिसला नाही. कुठं गेला, आम्ही विचारलं नाही.

अनसाबाई तेवढ्यावर घरी आल्या नाहीत. शाळेच्या मोठ्या बाईंना भेटल्या, आणि मग स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन त्यांनी त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घातली. कंट्रोलर चांगला माणूस होता, फक्त शाळेच्या पोरींकडं लक्ष देणं हे आपलं काम आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीशेजारचं बाकडं त्या दिवसापासून शाळेच्या पोरींचं झालं. तिथं दुसरं कुणी बसलं की तो आतूनच ओरडायचा, "ओ, उठा. पोरीयची जागा हाये ते."

मंदा पुढच्या सोमवारी शाळेत आली. पहिला आठवडा विठोबाकाका रोज एसटीनं आमच्याबरोबर यायचे, संध्याकाळपर्यंत शाळेच्या फाटकाशी बसायचे आणि आम्हाला घेऊन परत जायचे. मंदालाच शेवटी त्यांना सांगावं लागलं, "बाबा, तूर वाळून राह्यली वावरात. जा आता." ती मॅट्रिक झाली, नर्स झाली, अकोल्याला राहते. आम्ही तिघी होतो. पुढच्या वर्षी बाकड्यावर सात जणी दाटीवाटीनं बसायला लागल्या.

माझं लग्न होऊन मी गाव सोडलं. अनसाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते माझी लेक दीड वर्षाची असताना, माहेरपणाला गेले होते तेव्हा. बालवाडीला आता स्वतंत्र खोली झाली होती, पत्र्याची. तिसऱ्या प्रहरी मी लेकीला घेऊन तिथं गेले. लेकरांचा गलका चालला होता. अनसाबाई बाहेर ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, गाढ झोपल्या होत्या. केस सगळे पिकले होते, तोंड किंचित उघडं, पाय लांब पसरलेले. नवीन बाई, कुठल्याशा घरची सून, हळूच म्हणाली, "उठवू का?" मी नको म्हणाले.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन बाया मिरच्यांची देठं खुडत बोलत बसल्या होत्या. मला त्या ओळखत नव्हत्या. मी नव्या बाईंशी बोलत उभी राहिले आणि तेवढ्यात माझी लेक दुडदुडत ओट्याच्या कडेकडं निघाली. मी हाक मारणार, त्याआधीच मिरच्या खुडणाऱ्या बाईनं आपला पाय लांब करून कडेला आडवा लावला. तिनं वर बघितलं नाही. हातातली मिरची थांबली नाही, शेजारणीला सांगत होती ती गोष्टही मध्येच तुटली नाही. लेक त्या पायाला अडली, त्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि खुशीत हसायला लागली.

अनसाबाई झोपूनच होत्या.